दुःख अंगावर काढू नका

माझं मराठी कॉन्व्हेंटचं, त्यामुळे ऱ्हस्व-दीर्घ सांभाळून घ्या. पण हा विषय मला मराठीतच लिहायचा होता, कारण तो माझ्या आजीचा आहे.

गेल्या वर्षी मुलुंडला माझे आजोबा गेले. तेराव्यापर्यंत घर माणसांनी भरलेलं होतं. चौदाव्या दिवशी सकाळी आजीने सवयीने दोन कप चहा ठेवला आणि ओटा धरून खालीच बसली. छातीवर दाब, श्वास पुरत नव्हता. आम्ही काय केलं? रडून रडून अ‍ॅसिडिटी झाली असेल म्हणून गोळी दिली! हॉस्पिटलला नेलं ते संध्याकाळी. ईसीजी बिघडलेला, पण अँजिओग्राफीत एकही ब्लॉकेज नाही. डॉक्टर म्हणाले, "टाकोत्सुबो."

टाकोत्सुबो म्हणजे जपानमधलं ऑक्टोपस पकडायचं मडकं. गळा अरुंद, पोट फुगीर. मोठ्या धक्क्याने हृदयाचा डावा कप्पा तात्पुरता तसाच फुगतो आणि त्याची पंपिंगची ताकद कमी होते. १९९० साली जपानी डॉक्टरांनी हे नाव दिलं. पन्नाशीपुढच्या बायकांमध्ये हे जास्त दिसतं. बहुतेक जण काही आठवड्यांत बरे होतात, पण सुरुवातीचे दिवस धोक्याचे असतात.

तसं आपल्या भाषेला हे आधीपासून माहीत आहे. हातपाय गळाले, घशाशी आवंढा आला, पोटात कालवाकालव झाली, असं आपण म्हणतोच ना? धक्का बसला की शरीरात अ‍ॅड्रेनलिन आणि कॉर्टिसॉल वाढतं. धडधड होते, बीपी चढतं, भूक मरते, झोप उडते, अंग दुखतं. गेलेल्या माणसाची हाक ऐकू आल्यासारखी वाटते. हे वेड नाही. हे सगळं पुष्कळांना होतं आणि हळूहळू कमी होतं. पण २०१२ च्या एका अमेरिकन अभ्यासात, जवळचं माणूस गेल्यावर पहिल्या २४ तासांत हार्ट अटॅकचा धोका सुमारे २१ पट आढळला. पुढे तो रोज कमी होत जातो. त्यात घरातल्या गडबडीत बीपी-शुगरच्या गोळ्या चुकतात, ते वेगळंच.

११ जुलै २००६ चे लोकलमधले स्फोट घ्या, की १३ मे २०२४ ला घाटकोपरला कोसळलेलं होर्डिंग. मृतांची आणि जखमींची यादी लागते. घरी बातमी ऐकून मटकन खाली बसलेल्यांची यादी कुठेच लागत नाही.

मग डॉक्टरकडे कधी जायचं?

छातीत दाब, धाप, चक्कर येऊन पडणं, एका बाजूचा हात-पाय लुळा पडणं: लगेच, १०८ ला फोन करून. दुःखाने झालं की हार्ट अटॅक, हे घरी बसून ठरवता येत नाही. आम्ही ठरवलं आणि अख्खा दिवस घालवला.

पोटात अन्न-पाणी राहत नसेल, किंवा डायबिटीसचा पेशंट जेवत नसेल: त्याच दिवशी.

दोन-तीन आठवडे झोपच नाही, वजन उतरतंय, किंवा दारू-गोळ्यांचा आधार लागतोय: फॅमिली डॉक्टरला दाखवा.

"मलाही न्या आता" असं कोणी म्हणालं, तर बोलायची पद्धत म्हणून सोडू नका. सरळ विचारा, एकटं ठेवू नका. १४४१६ ही टेली-मानस हेल्पलाइन मोफत आहे, मराठीत बोलता येतं.

आणि सहा महिने-वर्ष उलटूनही रोजचे व्यवहार ठप्पच असतील, तर त्याला आता वैद्यकशास्त्रात वेगळं नाव आहे, प्रदीर्घ शोक. त्यावर उपचार आहेत. केईएम, सायन, नायर, कूपर इथे मानसोपचार विभाग आहेत.

आजी आता बरी आहे. चहा अजून कधीकधी दोन कप होतो. दुसरा मी पितो.