बंद कोणत्या बगलेत?

गेल्या हिवाळ्यात मी घरच्या घरी एक डगला शिवला. बटण नाही, चेन नाही. पुढची एक बाजू दुसरीवर आडवी घ्यायची आणि बंदांनी बांधायची. मधे जुनं सुती कापड आणि वरून हाताचा धावदोरा. थोडक्यात, बाह्या असलेली गोधडीच!

आम्हा सोलापूरकरांना हा घाट परका नाही. मकरसंक्रांतीला सिद्धेश्वरांच्या यात्रेत नंदीध्वज पेलणारे भक्त पांढरीशुभ्र बाराबंदी घालतात. तिचाच हा ऊबदार भाऊबंद.

निमित्त होतं अम्माच्या सुती इरकल साडीचं. अम्मा गेल्यापासून साडी पेटीत होती आणि घड्यांवर विरत चालली होती. नेसवत नव्हती, टाकवतही नव्हती.

तुम्हालाही असं काही करायचं असेल, तर आधी सगळं कापड धुऊन घ्या. सुती कापड आटतं आणि गडद रंग सुटतो. ओला कोपरा पांढऱ्या फडक्यावर दाबून पाहा. मी घाई केली आणि पांढरं अस्तर गुलाबी करून बसले.

दुसरी गोष्ट, आधी बेतू नका. धावदोऱ्यानं कापड आक्रसतं. म्हणून पाठ, पुढच्या दोन बाजू आणि बाह्या यांचे तुकडे चारी कडांनी दोन-दोन इंच जास्त ठेवा. खाली अस्तर, मधे जुन्या साडीचे एक-दोन थर, वर चांगलं कापड. मधल्या भागापासून कडांकडे हात फिरवत सुरकुत्या काढा आणि मोठे कच्चे टाके घाला. मग खरी शिवण. दोरा जाड सुती, हातभरच लांब, मेणावरून ओढलेला, म्हणजे गुंतत नाही. गाठ थरांच्या आत लपवायची. टाका ज्वारीच्या दाण्याएवढा, दोन ओळींत बोटभर अंतर. दोरा फार ताणू नका, कापड चुरमडतं.

नक्षी वेगळी काढावी लागत नाही. दोऱ्याचा रंग बदलला की ओळीच बोलू लागतात. साडी जिथे विरली होती तिथे मी तिच्याच काठाची ठिगळं लावली आणि भोवती शंकरपाळ्याच्या आकारात टाके घातले. झाकायला लावलेली ठिगळंच आता लोक आधी पाहतात.

तुकडे शिवून झाले की मापानं कापायचे, खांदे आणि बगला जोडायच्या, कडांना तिरक्या पट्टीचा गोट लावायचा. राहिले फक्त बंद.

इथे मी अडले. आमच्या शिंपीकाकांना विचारायला गेले, तर त्यांनीच सहज विचारलं, "ताई, बंद कोणत्या बगलेत?" प्रश्न साधा होता, पण मला मुघल काळातली चित्रं आठवली. त्या काळी जाम्याचे बंद हिंदू सहसा डाव्या बगलेत बांधत आणि मुसलमान उजव्या. गाठीवरून माणूस ओळखू यावा, अशी ती रीत. मराठीत कविता लिहिताना हा प्रश्न मला वेगवेगळ्या शब्दांत अनेकदा विचारला गेला आहे. डगला आठ दिवस खुंटीवर तसाच राहिला.

शेवटी तो अंगावर घालून टाचण्या लावायला बसले, तेव्हा उत्तर सापडलं. उजवी बाजू वर घेतली, तर बाहेरची गाठ डाव्या बगलेत येते. पण आतली डावी बाजू मोकळी सोडली तर ती लोंबते आणि अंगात वारा शिरतो. तिला आतून उजव्या बगलेतच बांधावं लागतं. उलट घातलं तरी हिशेब तोच. एका बाजूच्या गाठीवर असा डगला नीट बसतच नाही.

काकांना हे सांगितलं. ते हसले आणि म्हणाले, "आमच्या बाराबंदीलाही आतून बंद असतातच की!"

मी दोन्हीकडे बंद लावले. बाहेरचे दिसतात, आतले दिसत नाहीत. ऊब मात्र दोन्हींमुळे टिकते.