बर्फावरचा झाडू आणि पाच गुण

हिवाळी ऑलिंपिकमधले कर्लिंग टीव्हीवर लागले की आमच्याकडे हशा पिकतो. एकजण दगड सरकवतो, दोघे त्याच्यापुढे झाडत पळतात! आमच्या सूनबाईंनी त्याचे नावच ‘कल्लिन आट’ ठेवले आहे. पण तो ग्रॅनाइटचा दगड सुमारे २० किलोचा असतो. ब्रश जोर लावून घासला की बर्फ किंचित तापतो, दगड लांब आणि सरळ जातो. अडीच-तीन तास हे करायचे म्हणजे खांदे, पोट, मांड्या सगळ्यांचीच परीक्षा.

अमेरिकेचा कर्णधार जॉन शुस्टर याचेच बघा. २०१० च्या ऑलिंपिकमध्ये त्याचा संघ शेवटचा, २०१४ मध्ये दहांत नववा. पुढे राष्ट्रीय प्रशिक्षण योजनेतूनही त्याला वगळले. गड्याने निवड न झालेल्यांनाच गोळा केले, व्यायाम करून वजन उतरवले. २०१८ मध्ये प्योंगचांगला पहिल्या सहापैकी चार सामने गेले. मग सलग चार जिंकून, त्यात कॅनडाला दोनदा हरवून, स्वारी अंतिम सामन्यात!

समोर निकलस एदिनचा स्वीडन. सात डावांनंतर ५-५. आठव्या डावातला शेवटचा दगड शुस्टरचा. त्याने एकाच फटक्यात स्वीडनचे दोन दगड उडवले आणि एकदम पाच गुण! कर्लिंगमध्ये पाच म्हणजे फारच झाले. सामना १०-७ असा संपला. अमेरिकेचे या खेळातले ते पहिले ऑलिंपिक सुवर्ण.

एदिननेही २०२२ मध्ये बीजिंगला आपले सुवर्ण मिळवलेच.