कॅनडाची रोड ट्रिप: किलोमीटर नव्हे, दिवस मोजा

मुलगा किंवा मुलगी कॅनडात असेल, तर कधी ना कधी घरात बेत ठरतोच, ‘या वेळी गाडीनेच अख्खा देश पाहू या!’ बेत छान आहे, पण निघण्याआधी त्या देशाचा पसारा लक्षात घ्या.

पश्चिमेच्या व्हिक्टोरियापासून पूर्वेच्या सेंट जॉन्सपर्यंतचा ट्रान्स-कॅनडा महामार्ग सुमारे ७,८०० किलोमीटरचा आहे. श्रीनगर ते कन्याकुमारी अंतराच्या जवळपास दुप्पट! वाटेत सहा टाइम झोन लागतात. दोन्ही टोकं बेटांवर असल्याने गाडी फेरीबोटीतून न्यावी लागते.

आधी गणित मांडा

रोज ५०० किलोमीटर गाडी चालवली तरी १६ दिवस नुसत्या प्रवासात जातात. विश्रांती, फिरणं आणि फेरीबोट धरून चार आठवडे हाताशी हवेत. सुट्टी दोनच आठवड्यांची असेल किंवा सोबत आईबाबा असतील, तर पूर्ण देशाचा हट्ट सोडा. कॅल्गरी ते व्हँकुव्हर हा सुमारे १,००० किलोमीटरचा टप्पा निवडा. बॅन्फ, लेक लुईस आणि रॉजर्स पास याच वाटेवर आहेत.

कधी जाल?

जून ते सप्टेंबर हा काळ उत्तम. १ ऑक्टोबरपासून ब्रिटिश कोलंबियातल्या बहुतेक डोंगराळ रस्त्यांवर विंटर टायर सक्तीचे असतात. उन्हाळ्यात वणव्यांमुळे रस्ते बंद होऊ शकतात, म्हणून रोज सकाळी रस्त्यांची स्थिती तपासा. बॅन्फमधली हॉटेलं काही महिने आधीच बुक करा. मोरेन लेकला खासगी गाडी नेता येत नाही, त्यामुळे शटल बसचं तिकीटही आधीच काढा.

रस्त्यावर सांभाळा

तिथे गाडी उजव्या बाजूने चालवतात. ऑन्टारियोत लेक सुपिरियरच्या काठाने जाताना दोन गावांमध्ये बरंच अंतर असतं, म्हणून टाकी अर्धी झाली की पेट्रोल भरा. संध्याकाळनंतर गाडी चालवणं टाळा. मूस हा अवाढव्य प्राणी अचानक रस्त्यावर येतो. त्याचे पाय इतके उंच असतात की धडकेत त्याचं धड थेट समोरच्या काचेवर आदळतं. तंबूत राहणार असाल, तर चिवडा-लाडवांचे डबे रात्री गाडीत बंद ठेवा, वासाने अस्वलं येतात.

हे विसरू नका

व्हिसासोबत आरटीओकडून इंटरनॅशनल ड्रायव्हिंग परमिट घ्या. पाहुण्यांसाठी तिथले औषधोपचार फार महाग असतात, म्हणून मेडिकल इन्शुरन्स हवाच. भाड्याची गाडी एका शहरात घेऊन दुसऱ्या शहरात सोडणार असाल, तर त्याचे जादा पैसे किती ते आधीच विचारा. अनेक ठिकाणी मोबाइलला रेंज नसते, तेव्हा नकाशा डाउनलोड करून ठेवा. आपत्कालीन नंबर आहे ९११.

शेवटी सगळे मिळून वेळापत्रक पुन्हा एकदा पाहा. एखाद्या दिवशी आठ तासांहून जास्त ड्रायव्हिंग येत असेल, तर तिथे एक मुक्काम वाढवा.