कनेक्शन ड्रेनिंग

कनेक्शन ड्रेनिंग ही लोड बॅलन्सरमागील सर्व्हर चालू जोडण्या न तोडता सेवेतून काढण्याची पद्धत आहे. सर्व्हर थेट बंद केल्यास भरत असलेला अर्ज किंवा सुरू असलेला आर्थिक व्यवहार अर्धवट राहू शकतो. म्हणून प्रथम सर्व्हरची नोंदणी रद्द केली जाते. त्यानंतर नव्या जोडण्या अन्य सर्व्हरांकडे जातात व जुन्या पूर्ण होऊ दिल्या जातात.

मुंबईत २०१६ पासून विभाग असलेल्या ॲमेझॉन वेब सर्व्हिसेसच्या नेटवर्क लोड बॅलन्सरमध्ये हा प्रतीक्षाकाळ मुळात ३०० सेकंद असतो; तो ० ते ३,६०० सेकंदांदरम्यान ठरवता येतो. मात्र तो संपल्यावरही सक्रिय टीसीपी जोडण्या टिकून राहू शकतात. त्यामुळे केवळ प्रतीक्षाकाळावर विसंबून न राहता सर्व्हरवरील उरलेल्या जोडण्या तपासणे, अथवा प्रतीक्षाकाळानंतर जोडण्या आपोआप बंद करण्याचा पर्याय निवडणे आवश्यक ठरते.