पडद्याची दोरी

परवा इफ्तारला भाची आली ती तोंड पाडूनच. खजूर खाल्ला, पाणी प्यायली, पण भज्यांच्या ताटाकडं तिनं बघितलंही नाही. आईनं दोनदा विचारल्यावर खरं कारण बाहेर आलं. परभणीला तिच्या कॉलेजात ईदनंतर एकांकिका व्हायची आहे. रोजा धरून ही पोर रोज पेडगावहून तालमीला जाते. राणीचं काम मैत्रिणीला मिळालं आणि हिला बाईंनी सांगितलं, 'तू स्टेज सांभाळ.' मला म्हणाली, "मामू, मेरे कू सामान उठाने कू रखे." आणि डोळ्यांत पाणी.

मला हसू आलं नाही, कारण हे दुःख माझ्या ओळखीचं आहे. मी सातवीत असताना गावात आमच्या शाळेचं नाटक होतं. मला सरदार व्हायचं होतं. लाकडी तलवारीला चांदीचा कागदही मीच चिकटवला होता. पण गुरुजींनी माझ्या हातात पडद्याची दोरी दिली. मी फुगून बसलो. प्रयोगाच्या रात्री माझं सगळं लक्ष तलवारीकडं, आणि राजा मरायच्या आधीच मी पडदा ओढला! सगळं गाव हसलं. पडद्याआड राजा मला मारायला धावला. गुरुजी मात्र रागावले नाहीत. एवढंच म्हणाले, "राजा चुकला तर एक राजा चुकतो. दोरीवाला चुकला तर सगळं नाटक चुकतं."

या वाक्याचा खरा अर्थ मला पुष्कळ वर्षांनी कळला. पुण्यात जन्मलेल्या एका माणसाबद्दल वाचताना कळला. त्यांचं नाव इब्राहिम अल्काझी. भाचीला त्या रात्री त्यांचीच गोष्ट सांगितली, तीच आज तुम्हाला सांगतो.

अल्काझी यांचा जन्म १८ ऑक्टोबर १९२५ चा. वडील अरबस्तानातल्या उनैझा गावचे व्यापारी, आई कुवेतची. घरात अरबी आणि शाळा पुण्याची सेंट व्हिन्सेंट. पुढं मुंबईला सेंट झेवियर्स कॉलेजात गेले आणि तिथं सुलतान पदमसी यांच्या थिएटर ग्रुपमध्ये नाटकाचं वेड लागलं. सुलतान यांची बहीण रोशन या त्यांच्या पत्नी. १९४७ ला देशाचे दोन तुकडे झाले. अल्काझींच्या घरची बाकीची मंडळी पाकिस्तानात गेली. इब्राहिम गेले नाहीत. नाट्यशिक्षण त्यांनी लंडनच्या रॉयल अॅकॅडमी ऑफ ड्रॅमॅटिक आर्टमध्ये घेतलं. तिथं नाव झालं, कामही मिळालं असतं, पण ते मुंबईला परतले. आपलं काम कुठं आहे हे ज्याला कळतं, त्याला आपलं घर कुठं आहे हे वेगळं विचारावं लागत नाही.

१९५४ साली त्यांनी थिएटर युनिट ही संस्था काढली. तेव्हा मुंबईत प्रायोगिक नाटकाला जागा मिळणं कठीण होतं. मग ते राहत होते त्याच इमारतीच्या गच्चीवर त्यांनी उघडं नाट्यगृह उभं केलं आणि त्याला नाव दिलं 'मेघदूत'. डोक्यावर आभाळ आणि समोर मोजके प्रेक्षक. नाटकातले कपडे रोशनताई करायच्या, आणि हे काम त्यांनी पुढंही अनेक वर्षं केलं. त्यांचं नाव किती जणांना ठाऊक आहे? पण राजाच्या अंगावरचा अंगरखा खोटा वाटला, तर राजाही खोटाच वाटतो.

त्या काळात गिरीश कार्नाड नावाचा एक तरुण मुंबईत अल्काझींनी बसवलेलं स्ट्रिंडबर्गचं 'मिस ज्युली' बघायला गेला. त्यानं गावाकडची नाटकं बघितलेली. इथं रंगमंचावरचा उजेड हळूहळू मंद होताना बघून तो चकित झाला. कार्नाडांनी हे स्वतः लिहून ठेवलं आहे. विचार करा, पुढं एवढा मोठा नाटककार झालेल्या माणसाच्या मनात नटाच्या अभिनयाइतकाच तो मंद होत जाणारा उजेडही राहिला. तो उजेड करणारा हात मात्र कुणाला दिसला नव्हता.

१९६२ साली अल्काझी दिल्लीच्या राष्ट्रीय नाट्य विद्यालयाचे संचालक झाले आणि १९७७ पर्यंत, म्हणजे पंधरा वर्षं, त्या जागेवर राहिले. त्यांच्या शिस्तीच्या गोष्टी विद्यार्थी आजही सांगतात. वेळ म्हणजे वेळ. विद्यालयातली अस्वच्छ स्वच्छतागृहं बघितली तेव्हा त्यांनी भाषण केलं नाही, स्वतः साफ करायला घेतली. नट व्हायला आलेल्या पोरांना सुतारकाम, प्रकाशयोजना, वेशभूषा, रंगभूषा, नेपथ्य सगळं शिकावं लागायचं. आज नायकाचं काम करणाऱ्यानं उद्या दुसऱ्याच्या नाटकात खिळे ठोकायचे. नसीरुद्दीन शाह, ओम पुरी, रोहिणी हट्टंगडी, उत्तरा बावकर, सई परांजपे ही सगळी त्याच शाळेतली माणसं. विजया मेहता यांनी त्याआधी मुंबईत त्यांच्याकडं धडे घेतले. आपल्या मराठवाड्यातही तो वारसा आला. तिथं शिकलेले कमलाकर सोनटक्के औरंगाबादला विद्यापीठाच्या नाट्यशास्त्र विभागाचे प्रमुख झाले. बीड जिल्ह्यातले वामन केंद्रे २०१३ साली राष्ट्रीय नाट्य विद्यालयाचे संचालक झाले.

भाचीनं मध्येच विचारलं, "पण मामू, स्टेज सांभाळायचं म्हणजे नेमकं करायचं काय?"

प्रश्न बरोबर होता. नाटक बसेपर्यंत ते दिग्दर्शकाचं असतं. प्रयोगाची पहिली घंटा झाली की दिग्दर्शक प्रेक्षकांत जाऊन बसतो, आणि नाटक रंगमंच व्यवस्थापकाच्या ताब्यात येतं. नट आले का, मेकअपला बसले का, हे त्यानं बघायचं. विंगेत एक टेबल असतं. त्यावर प्रॉपर्टी मांडलेली असते, पत्र, चष्मा, पाण्याचा तांब्या, प्रत्येकाची जागा ठरलेली. अंधारात हात घातला तरी तीच वस्तू हाती आली पाहिजे. खुर्ची कुठं ठेवायची त्याच्या खुणा जमिनीवर असतात. त्याच्याजवळ संहितेची एक प्रत असते. कोणत्या वाक्याला दिवा जातो, कोणत्या वाक्याला दारावर थाप पडते, पडदा कधी पडतो, हे सगळं तिच्यात लिहिलेलं असतं. तिसरी घंटा त्याच्या इशाऱ्याशिवाय होत नाही. आणि प्रयोग संपल्यावर लोक टाळ्या वाजवत बाहेर पडतात, तेव्हा हा माणूस तांब्या आणि चष्मा मोजून पेटीत ठेवत असतो.

अल्काझींनी तर पडद्याची सोयही सोडून दिली. १९६३ साली त्यांनी धर्मवीर भारती यांचं 'अंधा युग' दिल्लीच्या फिरोजशाह कोटल्याच्या भग्न भिंतींत केलं. महाभारत युद्धाच्या शेवटच्या दिवसाचं ते नाटक. पंतप्रधान पंडित नेहरू ते बघायला आले होते. १९७४ साली दिल्लीच्याच पुराना किल्ल्यात त्यांनी कार्नाडांचं 'तुघलक' उभं केलं. मनोहर सिंग सुलतान झाले होते. उघड्यावरच्या किल्ल्यात विंग नाही, छत नाही, पडदा नाही. नट लांबून चालत येणार, तर तो किती पावलं आधी निघाला पाहिजे? मशाल कुणी पेटवायची? वारा सुटला तर काय? हा सगळा हिशोब न दिसणाऱ्या माणसांनीच करायचा.

'तुघलक' तर आपल्या दाराशी आलेलं नाटक आहे. राजधानी दिल्लीहून उचलून सुलतान जिथं आणतो ते दौलताबाद आपल्या मराठवाड्यातलं. नमाजाच्या वेळी सुलतानाला मारायचा कट त्यात आहे. तो फसतो आणि सुलतान नमाजावरच बंदी घालतो. नाटकाच्या अगदी शेवटी, सगळं उद्ध्वस्त झाल्यावर, थकलेल्या सुलतानाच्या कानावर बाहेरून अजान येते. ती अजान कुणीतरी मागं उभा राहून, घड्याळाकडं नव्हे तर नटाच्या श्वासाकडं बघून सुरू करतो. क्षणभर आधी आली तर सुलतानाचं एकटेपण कळत नाही. क्षणभर उशिरा आली तर प्रेक्षक उठायला लागतात. सगळ्या नाटकाचा शेवट त्या एका माणसाच्या हातात असतो, आणि सुलतानासारखा तो कुणाला दिसत नाही.

विद्यालय सोडल्यावर अल्काझींनी रोशनताईंबरोबर दिल्लीत आर्ट हेरिटेज हे कलादालन चालवलं. तिथंही काम तेच, दुसऱ्याच्या चित्राला योग्य भिंत आणि योग्य उजेड देण्याचं. १९९० नंतर काही नाटकांसाठी ते पुन्हा रंगभूमीवर आले. २०१० साली त्यांना पद्मविभूषण मिळालं. ४ ऑगस्ट २०२० रोजी दिल्लीत ते गेले, वयाच्या चौऱ्याण्णवाव्या वर्षी.

गोष्ट संपली तेव्हा तरावीहची वेळ होत आली होती. मशिदीकडं जाताना मनात आलं, आपल्या या महिन्यात तरी दुसरं काय असतं? रोजा सगळ्यांचा असतो. पण सहेरीला आपल्याला उठवणारा आपल्या आधी उठलेला असतो. वुजूच्या हौदात पाणी कुणीतरी भरलेलं असतं, चटया कुणीतरी झटकून अंथरलेल्या असतात. घरातली बाई तव्यासमोर उभी असते आणि तिचा खजूर सगळ्यांच्या नंतर तोंडात जातो. आपण त्यांची नावं घेत नाही. त्यांच्याशिवाय मात्र आपला एकही दिवस पार पडत नाही. एखाद्या संध्याकाळी ताटाला हात लावण्याआधी त्यांच्याकडं एकदा बघायला काय हरकत आहे?

मी घरी परतलो तेव्हा भाची माझ्या जुन्या वहीच्या कोऱ्या पानांवर काहीतरी लिहीत बसली होती. पट्टीनं रेघा मारून तीन रकाने केलेले: वस्तू, कुणाच्या हातात, कोणत्या वाक्याला. राणीचा हार, पत्र, काठी, पाण्याचा तांब्या. मी काही बोललो नाही. तीच मान वर न करता म्हणाली, "मामू, आपल्या माळ्यावर तो जुना कंदील आहे ना? काच फुटलेली नाही ना त्याची? दुसऱ्या प्रवेशात लागतो."

मी शिडी आणायला उठलो.