खळ्यातली फुगडी, मैदानातला खो

भाद्रपदात रत्नागिरी जिल्ह्याच्या संगमेश्वर तालुक्यातल्या वाड्यावाड्यांत जाखडी रंगते. ढोलकीच्या ठेक्यावर, पायात चाळ बांधून नाचणारे गडी गोलात फिरतात आणि शक्ती-तुऱ्याचा सामना असेल तर शाहिरांचे सवाल-जवाब मध्यरात्र उलटली तरी संपत नाहीत. शक्तीवाला आदिमायेचे थोरपण गातो, तुरेवाला शिवाचे. स्त्रीतत्त्व मोठे की पुरुषतत्त्व, असा हा जुना वाद आहे. पण परंपरेने तो लढणारे शाहीर, कोरस धरणारे साथीदार आणि नाचणारे पोरगे, सगळे पुरुषच. त्याच दिवसांत, त्याच वाडीतल्या मुली गौरीपुढे फुगड्या घालत असतात, झिम्मा खेळत असतात, पिंगा धरत असतात. त्यांचा खेळ ओटीवर किंवा खळ्यात होतो आणि पाहायला असतात त्या घरच्या नि शेजारच्या बायका. लोकरंजनाच्या इतिहासात जाखडीची नोंद कला म्हणून झाली. फुगडी मात्र बायकांची हौस म्हणून सोडून दिली गेली. या मुलींना गावाच्या रंगमंचापासून आणि मैदानापासून नेमके कशाने दूर ठेवले, हे नीट तपासले पाहिजे, कारण त्याची जी उत्तरे सहज दिली जातात ती पुराव्यापुढे टिकत नाहीत.

पहिले उत्तर ताकदीचे. मुलींना झेपणार नाही, असे आजही म्हटले जाते. बसफुगडी घालून पाहावी म्हणजे कळते. उकिडवे बसून, पोटऱ्यांवर सगळा भार घेऊन, पाय आलटून पालटून पुढे टाकत राहायचे आणि तोंडाने गाणेही चालू ठेवायचे. दंडफुगडीत दोघींची पकड आणि तोल एकमेकींवर अवलंबून असतो, आणि एकीचा हात सुटला तर दोघीही भुईवर. कोंबडा घालताना मांड्यांना जो ताण बसतो तो व्यायामशाळेतल्या बैठकांना कमी नाही. गौरीच्या जागरणात हे तासन् तास चालते, आणि तेही दिवसभर भातशेतीत आणि चुलीपुढे राबून झाल्यावर. ताकदीचा हा आक्षेप काही आपल्याच गावचा नव्हता. 1928 च्या ॲमस्टरडॅम ऑलिंपिकमध्ये स्त्रियांची 800 मीटरची शर्यत झाली. धावपटू दमून कोसळल्याच्या बातम्या वर्तमानपत्रांनी रंगवून छापल्या आणि ही शर्यत ऑलिंपिकमधून जी गेली ती 1960 पर्यंत परत आली नाही. जिंकलेल्या लीना राडकेने त्याच शर्यतीत जागतिक विक्रम केला होता, पण निर्णय घेणाऱ्यांच्या लेखी त्याला किंमत नव्हती. शर्यत संपल्यावर पुरुषही दमून आडवे होतात. त्यावरून कोणी पुरुषांची शर्यत बंद केली नाही.

मग खरा फरक कशात होता? तो वेळेत, वाटेत आणि पाहणाऱ्यांत होता, असे माझे मत आहे. शिमग्यातले नमन हे कोकणातले लोकनाट्य पाहा. ते करणारे खेळे पालखीबरोबर किंवा पालखीमागोमाग वाड्या फिरतात, परगावी मुक्काम करतात. नमन उभे राहते ते रात्रीची जेवणे उरकल्यावर. मग संकासूर, गण, गौळण, सोंगे, वग असे करत पहाट होते. तालमीही दिवसभराचे काम आटोपून रात्रीच. समोर बसलेला प्रेक्षक सगळ्या गावाचा, शिवाय बाहेरचाही. ज्या समाजात वयात आलेल्या मुलीने दिवेलागणीनंतर घराबाहेर असणे हाच दोष मानला जात होता, तिथे तिला नमनात जागा मिळणे शक्यच नव्हते. म्हणून गौळणीतली राधा पुरुष झाला, गवळणीही पुरुष झाल्या. तीच मुलगी खळ्यात मात्र मनसोक्त नाचू शकत होती, कारण तिथे वेळ घरची होती, वाट नव्हतीच आणि नजरा ओळखीच्या होत्या. नाच दोन्हीकडे होता, अंगातले कसबही दोन्हीकडे होते.

जगातले दाखले याच दिशेला बोट दाखवतात. जपानच्या काबुकी नाट्याची सुरुवात सतराव्या शतकाच्या आरंभी ओकुनी नावाच्या एका स्त्रीने केली, असे मानले जाते. 1629 मध्ये तिथल्या सत्तेने स्त्रियांना काबुकीत बंदी केली आणि पुढे पुरुषांनी स्त्रीभूमिका करण्याची थोर परंपरा त्या बंदीतून वाढली. इंग्लंडमध्ये शेक्सपिअरच्या नायिका मुलगे करत होते. 1660 नंतर स्त्रिया रंगभूमीवर आल्या. आपल्याकडे 1913 हे साल फार बोलके आहे. त्या वर्षी गंधर्व नाटक मंडळी स्थापन झाली आणि बालगंधर्वांच्या स्त्रीभूमिकांनी महाराष्ट्र वेडावला. त्याच वर्षी मेमध्ये प्रदर्शित झालेल्या ‘राजा हरिश्चंद्र’साठी दादासाहेब फाळक्यांना तारामती करायला बाई मिळाली नाही, म्हणून अण्णा साळुंखे तारामती झाले. आणि त्याच वर्षी फाळक्यांच्याच ‘मोहिनी भस्मासुर’साठी दुर्गाबाई कामत आणि त्यांची लेक कमला कॅमेऱ्यापुढे उभ्या राहिल्या. कमला, म्हणजे पुढच्या कमलाबाई गोखले, तेव्हा जेमतेम तेरा-चौदा वर्षांची होती. 1919 च्या ‘कालिया मर्दन’मध्ये तर फाळक्यांच्या लहानग्या मुलीने, मंदाकिनीने, कृष्ण साकारला. कमलाबरोबर आई होती, मंदाकिनीबरोबर वडील होते. घरचे माणूस सोबत आले की दार उघडते, हे या दोन्ही मुलींच्या बाबतीत दिसते. मराठी नाटकात ते दार प्रतिष्ठितांसाठी खऱ्या अर्थाने उघडायला 1933 उजाडले. नाट्यमन्वंतरच्या ‘आंधळ्यांची शाळा’ या नाटकात ज्योत्स्ना भोळे आणि पद्मावती वर्तक यांनी स्त्रीभूमिका केल्या.

इथे एक गंभीर आक्षेप येतो आणि त्याला बगल देता येणार नाही. स्त्रिया लोकरंजनात होत्याच की, असे कोणी म्हणेल. पठ्ठे बापूरावांच्या फडात पवळाबाई नाचत होती, विठाबाई नारायणगावकरांनी तमाशा गाजवला, गोव्यात कलावंतांची घराणी होती. हे सगळे खरे आहे. पण या स्त्रिया कोणत्या घरांतून आल्या ते पाहिले की चित्र पालटते. ठरावीक जातींतल्या मुलींना लहानपणीच फडावर उभे केले जाई आणि उरलेल्या जातींतल्या मुलींना फड पाहायचीही मनाई असे. एकीवर सक्ती आणि दुसरीला बंदी, आणि दोन्हीकडे निर्णय मुलीचा नव्हे. पवळा किंवा विठाबाई यांची कला मोठी होती, म्हणून त्यांना ही वाट निवडायचे स्वातंत्र्य होते असे ठरत नाही. उलट, फडावरच्या बाईकडे समाज ज्या नजरेने पाहत आला, तीच नजर दाखवून घरच्या मुलीला दारातून परत फिरवले गेले. बेअब्रूची भीती घालून बंदी टिकवली गेली आणि त्या बेअब्रूचे ओझे मात्र नाचणाऱ्या बाईच्याच डोक्यावर ठेवले गेले.

दुसरा आक्षेप परंपरेच्या अभिमानातून येतो. पुरुषाने केलेली राधा हीच नमनाची खासियत, बाई आली तर नमन उरणार नाही. यात तथ्य नाही असे नाही. नऊवारी नेसून, पदर सावरत, मावशीला चिडवत गौळण उभी करणारा नट वर्षानुवर्षांच्या निरीक्षणातून घडलेला असतो, आणि त्याची कला जपलीच पाहिजे. पण परंपरा कधी काळी ज्या अडचणीतून जन्मली, ती अडचण तिच्याबरोबर जपण्याचे कारण नाही. मुंबईत चाकरमान्यांपुढे नाट्यगृहांत होणाऱ्या बहुरंगी नमनांत आता स्त्रिया स्त्रीभूमिका करतात, शक्ती-तुऱ्याच्या सामन्यांत महिला शाहीर उभ्या राहतात, आणि तरी त्याला नमन नि जाखडीच म्हटले जाते. हा बदल आधी मुंबईत का झाला, याचे उत्तरही वेळ आणि वाट यांतच सापडते. नाट्यगृहाला ठरलेली वेळ असते, दिवे असतात, मागे कपडे बदलायची बंद खोली असते, घरी जायला लोकल असते.

गावाकडे मुलींनी चार लोकांसमोर धावण्या-नाचण्याची सुरुवात वेगळ्या वाटेने केली आणि ती वाट शाळेतून गेली. शाळेचे मैदान दिवसाउजेडी असते, तिथे जाण्याला घरची मान्यता असते, शिक्षक ओळखीचे असतात. वेळ, वाट आणि नजर, तिन्ही अडसर एकदम सैल होतात. त्यात खो-खो हा आपल्या मातीतला आणि खिशाला परवडणारा खेळ: दोन खांब, चुन्याच्या रेघा आणि मोकळी जागा एवढ्यावर भागते. पुण्याच्या डेक्कन जिमखान्याने 1914 मध्ये त्याला नियमांची चौकट दिली आणि 1960-61 मध्ये कोल्हापुरात स्त्रियांची राष्ट्रीय स्पर्धा भरली. या खेळाने मुलींसाठी स्वतंत्र मानही ठेवले: मोठ्यांत राणी लक्ष्मीबाई, कुमारी गटात जानकी, किशोरींत इला. चौदा वर्षांच्या मुलीलाही राष्ट्रीय पुरस्काराचे स्वप्न पाहता येते, अशी सोय फार थोड्या देशी खेळांत आहे. रत्नागिरी जिल्ह्याने याचा लाभ घेतला. ऐश्वर्या सावंत, अपेक्षा सुतार, आरती कांबळे या रत्नागिरीच्या मुली महाराष्ट्राच्या संघातून खेळल्या. जानेवारी 2025 मध्ये दिल्लीत पहिला खो-खो विश्वचषक झाला, त्यात भारतीय मुलींनी नेपाळला 78-40 असे हरवले आणि कर्णधार होती महाराष्ट्राची प्रियांका इंगळे.

तरी लग्न झाले की खेळ सुटतो, मग एवढा खटाटोप कशाला, असे विचारणारे पालक आहेत. त्यांची काळजी खोटी नाही, कारण अनेक मुलींचा खेळ दहावी-बारावीनंतर खरोखरच सुटतो. पण तो का सुटतो ते पाहावे. धाराशिवच्या सारिका काळेच्या नेतृत्वाखाली भारताने 2016 मध्ये गुवाहाटीच्या दक्षिण आशियाई स्पर्धेत सुवर्णपदक मिळवले, तिला अर्जुन पुरस्कार मिळाला आणि पुढे ती तालुका क्रीडा अधिकारी झाली. खेळातून नोकरी दिसली की घरचे मत बदलते; राज्याच्या नोकऱ्यांत खेळाडूंसाठी 5 टक्के जागा राखीव आहेत, ही माहिती वाडीपर्यंत पोहोचायला हवी. संगमेश्वरची अडचण आणखी आधीच सुरू होते. सह्याद्रीच्या पायथ्याशी विखुरलेल्या या तालुक्यात वाडीपासून शाळा चार-पाच किलोमीटर असणे नवलाचे नाही. शालेय स्पर्धांचा हंगाम ऐन पावसात येतो, तेव्हा मैदानात पाणी आणि कातळावर शेवाळ. अहिल्याबाई होळकर योजनेत पाचवी ते बारावीच्या मुलींना एसटीचा पास मोफत मिळतो आणि या एका योजनेने जितक्या मुली शाळेत टिकवल्या तितक्या भाषणांनी टिकल्या नसत्या. मात्र गाड्यांच्या वेळा शाळा सुटण्याशी जोडलेल्या असतात. सरावासाठी तास-दीड तास थांबलेल्या मुलीला पुढची गाडी दिवेलागणीनंतर मिळते किंवा मिळतच नाही. अशा वेळी ती सराव सोडते आणि लोक म्हणतात, मुलीला खेळाची आवड नाही.

म्हणून मागणी साधी करावी. क्रीडा शिक्षकांत बायका असाव्यात, तालुक्याला निदान एक छप्पर असलेले मैदान असावे, आणि सरावाच्या दिवशी आगारातून एक उशिराची फेरी सुटावी. नमन मंडळांनाही काही करता येण्याजोगे आहे. शिमग्याआधीच्या तालमी रविवारी दुपारी शाळेच्या पडवीत घेतल्या, परगावच्या प्रयोगाला मुलींबरोबर त्यांच्या आया-आज्ज्या नेल्या, तर गौळणीसाठी मुली मिळतात की नाही ते दोन हंगामांत कळेल. गौरीपुढे नाचणाऱ्या मुलींत राधा करू शकणाऱ्या कितीतरी आहेत, आणि त्यांना आजवर कोणी विचारलेले नाही.