किलोभर धन्याचा मसाला

जुन्या सुगरणीला एखाद्या पदार्थाची कृती विचारायला गेलं, की हाती फारसं काही लागत नाही. मीठ चवीपुरतं, गूळ सुपारीएवढा, चिंच बोराएवढी, पाणी ‘बसेल तेवढं’ आणि फोडणी ‘नेहमीसारखी’. किती वेळ शिजवायचं, तर वास सुटेपर्यंत. याच बाईला वर्षाच्या मसाल्याचं प्रमाण विचारून पाहा. ती उठते, फडताळात किंवा जुन्या पंचांगात घालून ठेवलेली एक चिठ्ठी काढते आणि तिथे मात्र सगळं ग्रॅमवर असतं.

आमटीत मीठ जास्त पडलं तर एक दुपार बिघडते, मसाल्यात लवंग जास्त पडली तर वर्ष बिघडतं. शिवाय मसाला हा घराबाहेर जाऊन येणारा जिन्नस. आधी वाण्याकडे यादी जाते, मग कांडायला डंकावर माल जातो. लवंग-वेलदोड्यांचे भाव पाहता वाण्याला ‘अंदाजानं द्या’ असं कोणी सांगत नाही. म्हणून एरवी हातात राहणारं ज्ञान इथे कागदावर उतरलं. घराण्याच्या पाककृती जमवायच्या म्हटलं की लोक पुरणपोळीच्या आणि चकलीच्या मागे लागतात. मला विचाराल तर आधी ही चिठ्ठी मागावी. पुरणपोळी सणावारी होते. मसाला रोजच्या आमटीत पडतो, आणि आपण जिला घरची चव म्हणतो ती बहुतेक वेळा या यादीतल्या दोन-तीन जिनसांच्या कमी-जास्तपणावर उभी असते.

मसाला कशावरून मोजतात, यावरूनच घराचा पत्ता कळतो. गोडा मसाला करणाऱ्या घरांत ‘यंदा किलोभर धन्याचा केला’ म्हणतात. कोल्हापूर-सांगलीकडे ‘पाच किलो मिरचीची चटणी केली’ म्हणतात, आणि ही चटणी म्हणजे ताटात डावीकडे वाढायची नव्हे, वर्षभर रश्शात पडणारा कांदा-लसूण मसाला. आगरी-कोळ्यांकडेही हिशेब मिरचीचाच. एकीकडे धने मुख्य आणि मिरची चवीला, दुसरीकडे मिरची मुख्य आणि बाकीचे तिच्या मागे. बाकी यादीत नावं बरीचशी तीच.

आमच्याकडची चिठ्ठी अशी आहे: धने 1 किलो, सुकं खोबरं अर्धा किलो, तीळ पाव किलो, जिरं 100 ग्रॅम, खसखस 100, सुक्या मिरच्या 100, दगडफूल 50, हळकुंड 50, खडा हिंग 25, लवंग, दालचिनी, मिरे, शहाजिरं, बाद्यान, नागकेशर, तमालपत्र आणि मसाला वेलदोडे प्रत्येकी 25, मायपत्री 10, आणि खडेमीठ. मिठापुढे आकडा नाही. तेवढा एक अंदाज आजीनं स्वतःकडे ठेवला होता.

चिठ्ठीच्या मागच्या बाजूला हीच यादी आजीच्या सासूच्या मापात आहे: शेर, छटाक, तोळे. वजनमापांचा दशमान कायदा 1956 साली झाला, 1958 पासून तो टप्प्याटप्प्यानं लागू होत गेला आणि साठच्या दशकाच्या सुरुवातीला वाण्याच्या तराजूत किलो-ग्रॅम स्थिरावले. तेव्हा घरोघरच्या बायकांनी आपापल्या याद्या स्वतःच बदलून घेतल्या. शेराचा किलो केला, छटाकाचे पन्नास ग्रॅम केले. ऐकायला बरोबर वाटतं. पण एक तोळा 11.66 ग्रॅमचा, पाच तोळ्यांचा छटाक सुमारे 58 ग्रॅमचा, सोळा छटाकांचा शेर सुमारे 933 ग्रॅमचा. म्हणजे शेर वाढून किलो झाला आणि छटाक घटून पन्नास ग्रॅमवर आला. शेरभर धन्यांना छटाकभर दगडफूल हा सोळावा हिस्सा होता. किलोला पन्नास ग्रॅम हा विसावा. दगडफूल एका फटक्यात वीस टक्क्यांनी उतरलं, आणि छटाकात मोजले जाणारे बाकीचे जिन्नसही त्याच्याबरोबर. ‘आमच्या लहानपणीच्या आमटीची चव आता नाही’ हे वाक्य मी पूर्वी म्हातारपणाच्या खाती टाकत असे. आता निदान काही घरांपुरतं ते गणिताच्या खाती टाकायला माझी हरकत नाही.

दगडफुलाचं एवढं काय, असं कुणी विचारेल. खडकांवर आणि झाडांच्या सालीवर वाढणारी ही करडी-काळी पापुद्र्यांची जात. बुरशी आणि शेवाळ एकत्र नांदून झालेली. कच्चं हुंगलं तर जेमतेम मातीचा वास. गरम तेलात पडलं की मात्र असा धुरकट, खोल वास सोडतं, की शेजारच्या घरात कळतं मसाला भाजायला घेतलाय. गोड्या मसाल्याचं अर्धं व्यक्तिमत्त्व त्याचं आहे, आणि वाण्याच्या पुडीत माती-काड्यांसकट सर्वांत जास्त कचरा निघतो तोही त्याच्यातूनच. निवडून मग वजन करायचं की वजन करून मग निवडायचं, यावर आमच्या घरात दोन पिढ्या एकमत झालं नाही.

चिठ्ठीत जिन्नस असतात, भाजणं नसतं. भाजायला प्रत्येक जिन्नस वेगळा घ्यावा लागतो, कारण प्रत्येकाची करपण्याची वेळ वेगळी. धने चमचाभर तेलावर, मंद आचेवर, रंग बदलेपर्यंत. हिंगाचा खडा तेलात फुलेपर्यंत, आतून कच्चा राहिला तर कुटताना चिकटतो. खोबऱ्याचा कीस कोरडाच, आणि तो तांबूस करायचा की चांगला तपकिरी, यावर मसाल्याचा रंग ठरतो. खसखस सगळ्यात शेवटी, कढई उतरवून तिच्या उरलेल्या तापावर. पाठ फिरवली की ती जळते. मग सगळं परातीत पसरून पूर्ण गार करायचं. कोमट माल कुटला तर वाफ धरतो, मसाल्याच्या गाठी होतात आणि पावसाळ्यात वास येतो. यातलं काहीही कुठल्या चिठ्ठीवर लिहिलेलं मी पाहिलेलं नाही. ते शेजारी उभं राहून शिकायचं.

मग डंक. ज्यांनी पाहिला नाही त्यांच्यासाठी: लोखंडी खल आणि त्यात विजेवर वरखाली आपटणारे मुसळाचे दांडे. मार्चपासून मेअखेरपर्यंत तिथे रांग असते. मुंबईत लालबागच्या मिरची गल्लीसारख्या ठिकाणी तर मिरची घेऊन, देठं मोडून, भाजून, कांडून एकाच फेरीत डबा भरून मिळतो. पिठाच्या गिरणीत मसाला का दळत नाहीत? जात्याच्या घर्षणानं पीठ तापतं, तसा मसाला तापला तर त्यातली सुवासिक तेलं तिथेच उडून जातात. शिवाय खोबरं-तिळाचं तेल सुटून दगड भरतो. कांडताना मसाला कमी तापतो. डंकावर बायका नाकाला पदर लावून, ठसकत, तासन्‌तास आपल्या डब्याशेजारी बसून राहतात. आधीच्या बाईचा मसाला खलात उरलेला असतो, तो आपल्यात मिसळू नये म्हणून डोळ्यांत तेल घालून पहारा चालतो. चाळणीवर उरलेला भरडा दोनदा परत टाकायला लावतात. आणि याच रांगेत खरी देवाणघेवाण होते. ‘तुमचा रंग छान आलाय, ब्याडगी किती घातलीत?’ या प्रश्नाला खरं उत्तर मिळेलच असं नाही, पण प्रश्न विचारला जातो.

मिरचीचं गणित तर स्वतंत्र. हावेरी जिल्ह्यातली सुरकुतलेली ब्याडगी रंगाला. तिला 2011 साली भौगोलिक मानांकन मिळालं. संकेश्वरी तिखटपणाला, लवंगी त्याहून वर. कोल्हापूरच्या घरात ब्याडगी आणि संकेश्वरीचं प्रमाण काय, यावर रश्शावरच्या तवंगाचा रंग अवलंबून, आणि तवंगावर त्या घरची अब्रू. तिथल्या चटणीत कांदा उन्हात वाळवून तळतात, लसूण, आलं, कोथिंबीर घालतात. इतका ओला माल वर्षभर टिकतो तो भरपूर मिठावर आणि नीट वाळवण्यावर.

किनाऱ्यावर मसाल्याची घाई पावसामुळे असते. 1 जून ते 31 जुलै समुद्रातली मासेमारी बंद. त्याआधी कोळीवाड्यात सुकट, बोंबील वाळतात आणि मसाला बरणीत पडतो. बंदीचे दोन महिने या दोहोंवर निघायचे. वसई, वांद्रे, साष्टीतल्या ईस्ट इंडियन ख्रिस्ती घरांतही हेच दिवस. मराठीचीच बोली बोलणाऱ्या या समाजानं 1887 साली, व्हिक्टोरिया राणीच्या सुवर्णमहोत्सवी वर्षात, हे इंग्रजी नाव घेतलं. मसाला मात्र गावचाच राहिला. तो बिअरच्या गडद रंगाच्या बाटल्यांत काठीनं ठासून भरतात, म्हणून ‘बॉटल मसाला’. गडद काच उजेड अडवते, ठासल्यानं हवा उरत नाही. रंग आणि वास दोन्ही टिकतात. वीस-पंचवीस जिनसांची ती यादी घराघरांत वेगळी, आणि विचारली तर हसून विषय बदलतात.

पाठारे प्रभूंच्या सांबार मसाल्यात गहू आणि हरभऱ्याची डाळ भाजून पडते, त्यामुळे कोलंबीच्या रश्शाला वेगळं वाटण न लावताही दाटपणा येतो. याच समाजातल्या लक्ष्मीबाई धुरंधर यांनी ‘गृहिणी-मित्र अथवा एक हजार पाकक्रिया’ हे जाडजूड पुस्तक 1910 साली आणलं. घरातलं बाहेर सांगायचं नाही, असा दंडक असण्याच्या काळात एका बाईनं हजार कृती छापून टाकल्या, हे मला आजही धाडसाचं वाटतं. पुढे 1970 साली कमलाबाई ओगल्यांची ‘रुचिरा’ आली. चौथीपर्यंत शिकलेल्या कमलाबाईंनी वाटी-चमच्याची मापं दिली आणि सासरी-माहेरी कुणी सांगायला नसलेल्या मुलींची सोय झाली. त्यांना ‘एक लाख सुनांची सासू’ म्हणत. माझ्या पाहण्यातल्या ‘रुचिरा’च्या जुन्या प्रतींत मसाल्याच्या पानावर पेन्सिलीनं आकडे खोडून घरचे आकडे लिहिलेले असतात. पुस्तक प्रमाण मानायचं, पण दगडफुलाच्या बाबतीत नाही.

प्रमाण लपवण्याची तऱ्हाही सांगायला हवी. कुणी मागितलं तर ‘नाही’ म्हणता येत नाही, म्हणून सगळं देतात आणि एक जिन्नस गाळतात. आमच्या एका आत्यानं आयुष्यभर शहाजिरं गाळून प्रमाण दिलं. माणसं तिचा मसाला करून पाहायची आणि ‘तुमच्या हाताची सर नाही’ म्हणायची. तिला हवं होतं ते हेच. नागपुरात हलबा-कोष्टी या विणकर समाजातल्या घरांचा सावजी मसाला खानावळींत आला, तेव्हा तर हे गुपित पोटापाण्याचं झालं. तिथे न सांगणं समजण्यासारखं आहे. घरात कशाला, हे मला कधी कळलं नाही.

एवढं सगळं लिहिताना एक भान ठेवायला हवं. वीस-पंचवीस जिनसांची चिठ्ठी ही ज्यांच्याकडे वर्षाचा माल एकदम भरायला पैसा होता त्यांची गोष्ट आहे. शाहू पाटोळे यांच्या ‘अन्न हे अपूर्णब्रह्म’ या 2015 सालच्या पुस्तकात मराठवाड्यातल्या दलित घरांचा स्वयंपाक आहे. वाळवून ठेवलेल्या मांसाच्या चान्या आहेत, आणि तेल-मसाला जेमतेम असताना चव कशी काढायची याचं कसब आहे. त्या कृती मराठी पाकपुस्तकांत शंभर वर्षं आल्या नाहीत, कारण त्या लिहिणाऱ्यांच्या घरच्या नव्हत्या. चिठ्ठी नसलेल्या घरांनाही चव असते आणि आठवण असते. ती मागायला कुणी गेलं नाही, इतकंच.

आमची आजी मार्गशीर्षात गेली. वैशाखात तिनं केलेला मसाला बरणीत अर्धा होता. दिवसकार्य झाल्यावर आईनं पहिली आमटी केली, तेव्हा बरणी उघडावी की नाही यावर बायकांत थोडा वेळ कुजबुज झाली. मग काकू म्हणाली, ‘संपवायचा नाही तर काय खवट करायचाय?’ तिचं बरोबरच होतं. खोबरं-तीळ असलेला मसाला वर्षावर टिकत नाही. पाडव्यापर्यंत आम्ही आजीच्या हातचं जेवलो. पुढचा मसाला आईनं केला, त्याच चिठ्ठीवरून, आणि वडील पहिल्या घासाला काहीच बोलले नाहीत. याचा अर्थ आमच्या घरात बरा झालाय असा होतो.

2020 च्या उन्हाळ्यात टाळेबंदी नेमकी मसाल्याच्या हंगामात आली. डंक बंद. आईनं थोडा थोडा माल मिक्सरवर फिरवला, मध्ये मध्ये भांडं गार करत. वास कमी होता, पण दिवस निघाले. परदेशातल्या भाचीला तर दरवर्षी एवढाच पर्याय: तिकडच्या दुकानात धने-खोबरं मिळतं, दगडफूलही मिळतं, डंक मिळत नाही. ती आता अर्ध्या किलोचाच करते, वर्षातून दोनदा. खवट होण्याचा प्रश्न तिनं असा सोडवला.

तर यंदा घरातल्या थोरल्या बाईकडून हे मागून घ्यायचं असेल, तर दिवाळी ही काही त्याची वेळ नव्हे. फराळाच्या गडबडीत कुणी नीट सांगत नाही. फेब्रुवारीत विचारा. चिठ्ठीचा फोटो काढाच, पण तिच्याबरोबर वाण्याकडे जा. मिरची कुठल्या नावाची घेते आणि मोडून का पाहते, दालचिनी जाड सालीची घेते की पातळ, हिंग कुठल्या डबीतला, हे लिहून घ्या. यादीत तोळे-छटाक असतील तर स्वतः गुणाकार करा, पन्नास ग्रॅमवर विसंबू नका. भाजताना समोर उभं राहा आणि कढई उतरवल्यावर प्रत्येक जिनसाचा रंग फोटोत धरून ठेवा. मिठाची मूठ ती घालायला लागली, की हात धरून आधी ती काट्यावर ठेवायला लावा. चिडेल, पण ठेवेल.